उघड्या दाराची राखण

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आज मी अशा एका हल्ल्याविषयी बोलणार आहे, ज्यात काहीही चोरीला जात नाही. कुलूप फुटत नाही, तिजोरी उघडली जात नाही, एक कागदही इकडचा तिकडे होत नाही. फक्त दुकानापुढे एवढी गर्दी आणून उभी केली जाते, की खऱ्या गिऱ्हाइकाला दारापर्यंत पोहोचताच येत नाही. दुकान उघडं, माल जागेवर, दुकानदार गल्ल्यावर बसलेला, आणि धंदा मात्र बंद. इंटरनेटच्या जगात याला ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. आपण त्याला साध्या मराठीत अडवणूक म्हणू.

मी कवितेचा माणूस. मराठी घेऊन बी.ए. केलं, यंत्रांशी माझं कधी फारसं जमलं नाही. या विषयाकडे मला ओढलं माझ्या भाच्याने. वेबसाइटचे सर्व्हर सांभाळणं हे त्याचं काम. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, ‘‘मामू, चोर ओळखणं त्या मानाने सोपं असतं. पाहुण्याचे कपडे घालून आलेला ओळखायचा कसा, हा आमचा रोजचा प्रश्न आहे.’’ हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचत गेलो, समजलं नाही ते त्याला विचारत गेलो. आणि मला जाणवलं, की हा इतिहास यंत्रांचा असला तरी त्याच्या मुळाशी माणसांमधला विश्वास आहे.

आधी वेब सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. तो एक सतत जागा असलेला संगणक. जगातून कुणीही त्याच्या पत्त्यावर हाक मारली, की ‘ओ’ देऊन मागितलेलं पान काढून द्यायचं, एवढंच त्याचं काम. यातला ‘कुणीही’ हा शब्द महत्त्वाचा. येणारा कोण, कुठला, हे न विचारता त्याला उत्तर द्यायचं, या रीतीवर इंटरनेट उभं राहिलं. ज्या विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी ते उभारलं, तिथली माणसं एकमेकांना ओळखत होती. दाराला कडी लावायची गरज त्यांना वाटली नाही.

या उघड्या दाराची पहिली खोड काढली ती एका शाळकरी पोराने. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाची, शिकवण्यासाठी बनवलेली संगणकयंत्रणा होती. तिच्यातला एक हुकूम टर्मिनलला जोडलेल्या बाहेरच्या यंत्राशी बोलण्यासाठी होता. यंत्र जोडलेलं नसताना तो हुकूम आला, तर टर्मिनल गोठून जायचं. जवळच्याच शाळेतल्या १३ वर्षांच्या मुलाने १९७४ मध्ये हा हुकूम एकदम सगळ्यांना पाठवून पाहिला. पुढे त्याने स्वतःच सांगितल्याप्रमाणे, खोलीतल्या ३१ जणांना एकाच वेळी आपापली यंत्रं बंद करून पुन्हा चालू करावी लागली. गंमत म्हणून केलेला हा उद्योग या इतिहासाचं पहिलं पान मानला जातो.

पुढचं पान इतकं गमतीचं नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. त्याने कुठल्याही फायली पुसल्या नाहीत. एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचं, एवढंच त्याचं काम होतं. पण एकाच संगणकावर त्याच्या नकलांवर नकला चढत गेल्या आणि यंत्रांना दुसरं काही करायला सवड उरेना. त्या वेळी इंटरनेटला सुमारे ६० हजार संगणक जोडलेले होते. त्यांतले ६ हजार बाधित झाले, असा तेव्हाचा अंदाज. या धक्क्यानंतर त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे संगणकांवरच्या आपत्तींसाठीचं मदतकेंद्र सुरू झालं. भारताचं ‘सर्ट-इन’ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जानेवारी २००४ मध्ये आलं.

खरी ठरवून केलेली आणि साऱ्या जगाच्या नजरेत भरलेली अडवणूक झाली ती सप्टेंबर १९९६ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये पॅनिक्स नावाची, लोकांना इंटरनेटची जोडणी देणारी एक जुनी कंपनी होती. तिच्या सर्व्हरवर अज्ञात माणसाने खोट्या हाकांचा मारा सुरू केला. हा मारा कसा चालतो, ते थोडं समजून घेऊ.

दोन संगणक बोलायला लागण्याआधी एकमेकांना नमस्कार करतात. पहिला म्हणतो, सलाम. दुसरा म्हणतो, वालेकुम सलाम, या, तुमची जागा धरून ठेवली आहे. पहिला म्हणतो, आलोच. या तीन वाक्यांनंतर संभाषण सुरू होतं. आता लग्नघरचा यजमान डोळ्यांपुढे आणा. निरोप आला की तो पान मांडतो आणि पाहुण्याची वाट बघतो. पंगत म्हणा, दस्तरखान म्हणा, जागा मोजक्याच असतात. एखाद्याने खोट्या नावापत्त्यांनी शेकडो निरोप धाडले, की सगळी पानं मांडलेली राहतात, जेवायला कुणीच येत नाही आणि खरे पाहुणे मांडवाबाहेर ताटकळतात. पॅनिक्सवर असे खोटे सलाम सेकंदाला दीडशेपर्यंत येत होते. आजच्या हिशेबाने ही संख्या अगदीच किरकोळ वाटेल. तेव्हा मात्र ती पुरेशी ठरली.

या युक्तीचा धोका बिल चेसविक आणि स्टीव्ह बेलोविन या दोन तज्ज्ञांना १९९४ मध्येच दिसला होता. त्यांनी आपल्या पुस्तकात त्यावर एक परिच्छेद लिहिला आणि छापण्याआधी काढून टाकला. त्या वेळी यावर धड इलाज नव्हता. रोग सांगायचा आणि औषध नाही म्हणायचं, त्यातून कुणाला तरी वाट दाखवल्यासारखं व्हायचं, ही त्यांची अडचण. दोन वर्षांनी हॅकर लोकांच्या मासिकांनी तीच युक्ती छापली आणि थोड्याच दिवसांत पॅनिक्सचं दार अडलं. एखादी गोष्ट सांगावी की झाकावी, हा पेच आम्हां लिहिणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. इथे तर झाकल्याने काही वाचलं नाही. बचाव शोधणाऱ्यांचा वेळ मात्र गेला.

आणि इलाज सापडला तो त्याच सप्टेंबरात. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने सुचवलेल्या या उपायाला ‘सिन कुकी’ म्हणतात. त्यातली कल्पना मला एखाद्या चांगल्या शेरासारखी वाटते. यजमानाने पान मांडूच नये. निरोप आला की आपला गुप्त शिक्का मारलेली एक चिठ्ठी त्याच पत्त्यावर उलट धाडावी आणि ती गोष्ट विसरून जावी. खरा पाहुणा ती चिठ्ठी घेऊन येईल. आपण शिक्का तपासायचा आणि त्याला बसवायचं. खोट्या पत्त्यावरून निरोप धाडणाऱ्याला चिठ्ठी मिळणारच नाही, कारण ती जाईल त्या खोट्या पत्त्यावर. म्हणजे यजमानाला काही लक्षात ठेवावं लागत नाही, कुणावर आधीच संशय घ्यावा लागत नाही आणि दारही लावावं लागत नाही. ही तरकीब लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरांत आजही आहे. आलेल्या सलामांची रांग भरली की ती आपोआप कामाला लागते.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. अडवणूक काय नेहमी वाईटच असते? आपल्याकडे रास्ता रोको होतो, घेराव होतो, धरणं धरलं जातं. हा प्रश्न इंटरनेटवरही लवकरच आला. मेक्सिकोतल्या झापाटिस्ता आदिवासींच्या चळवळीला पाठिंबा म्हणून १९९८ मध्ये काही अमेरिकन कलावंतांनी ‘फ्लडनेट’ नावाचं साधन बनवलं. समर्थकांनी ते आपापल्या संगणकावर उघडायचं आणि सरकारी वेबसाइटला पुन्हा पुन्हा हाका मारत राहायचं. त्यांनी त्याला धरणं म्हटलं आणि आपली नावं लपवली नाहीत. आपल्या देशात मे २०१२ मध्ये, काही वेबसाइट बंद केल्याच्या निषेधार्थ, ‘अनॉनिमस’ या बिनचेहऱ्याच्या गटाने सर्वोच्च न्यायालयाची आणि काँग्रेस पक्षाची वेबसाइट काही काळ पाडली. त्याच गटाच्या हाकेवरून ९ जूनला मुंबईत आझाद मैदानावर मुखवटे घालून लोक जमले.

या दोन घटनांत मला मोठा फरक दिसतो. मैदानावर एक माणूस म्हणजे एकच माणूस. तो उन्हात उभा राहतो, पोलिस आले तर गाडीत बसायची त्याची तयारी असते. रास्ता रोकोचं वजन त्या तयारीत असतं. इंटरनेटवर एकच माणूस लाखांची गर्दी होऊ शकतो. आणि ती गर्दी ज्यांच्या यंत्रांची बनते, त्या माणसांना आपण मोर्च्यात आहोत हे ठाऊकसुद्धा नसतं.

ही दुसऱ्यांच्या यंत्रांची गर्दी ऑगस्ट १९९९ मध्ये दिसली. मिनेसोटा विद्यापीठाच्या एका संगणकावर किमान २२७ यंत्रांनी एकदम मारा केला आणि विद्यापीठाचं जाळं दोन दिवसांहून अधिक काळ विस्कळीत झालं. ही यंत्रं कुणी अनोळखी माणसाने गुपचूप ताब्यात घेतलेली होती. तेव्हापासून नावात एक शब्द वाढला, ‘डिस्ट्रिब्यूटेड’, म्हणजे चहूकडून येणारा, आणि ‘डीडॉस’ हे लघुरूप रूढ झालं.

सहा महिन्यांत ही गोष्ट घराघरांत पोहोचली. ७ फेब्रुवारी २००० रोजी याहूची वेबसाइट काही तास बंद पडली. दुसऱ्या दिवशी ईबे, अ‍ॅमेझॉन, सीएनएन, त्यानंतर ई-ट्रेड. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तज्ज्ञांची बैठक बोलावली. शोध घेता घेता पोलिस पोहोचले ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये, ‘माफियाबॉय’ या टोपणनावाने वावरणाऱ्या १५ वर्षांच्या मुलापर्यंत. त्याला २००१ मध्ये आठ महिन्यांच्या सुधारगृहाची शिक्षा झाली. त्याच्या फौजेत विद्यापीठांचे संगणक होते. सीएनएनवरच्या माऱ्यात वापरलेला एक संगणक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथला होता. ज्ञानासाठी मोकळी ठेवलेली दारं आतून अशी वापरली गेली.

या धक्क्यानंतर मे २००० मध्ये इंटरनेटच्या अभियंत्यांनी एक शिफारस नव्याने प्रसिद्ध केली. ती पहिल्यांदा जानेवारी १९९८ मध्येच लिहिली गेली होती. तिचा सारांश सोपा आहे. आपल्या गल्लीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा जो पत्ता आहे, तो आपल्याच गल्लीतला आहे ना, हे पाहा. नसेल तर पाकीट तिथेच थांबवा. सगळ्यांनी एवढं केलं, तर खोट्या पत्त्याचा खेळच संपेल. पण यात एक गोम आहे. तपासणीचा खर्च माझा, आणि त्याचा फायदा दूर कुठल्या तरी अनोळखी माणसाला. पाव शतक उलटलं तरी जगातली सगळी जाळी ही शिफारस पाळत नाहीत. शेजारधर्म शिकवणारे ग्रंथ प्रत्येक धर्मात आहेत. तो पाळायला मात्र यंत्रांच्या जगातही तितकाच जड जातो.

आता या हल्ल्यांचा माग कसा लागतो ते पाहू. हल्ला झालेली कंपनी सहसा गप्प बसायची, त्यामुळे जगात असे हल्ले किती होतात, याचा कुणाला पत्ता नव्हता. फेब्रुवारी २००१ मध्ये डेव्हिड मूर, जेफ्री वोल्कर आणि स्टीफन सॅव्हेज या कॅलिफोर्नियातल्या तीन संशोधकांनी एक सुंदर वाट काढली. खोट्या पत्त्यांवरून सलाम आले, की हल्ला झालेला सर्व्हर त्या खोट्या पत्त्यांना उत्तरं धाडतो. खोटे पत्ते वाटेल तसे उचललेले असतात. मग जिथे कुणीच राहत नाही, अशा पत्त्यांवरही काही उत्तरं येऊन पडणारच. या तिघांनी इंटरनेटच्या एकूण पत्त्यांपैकी जवळपास २५६ वा हिस्सा असलेल्या, बहुतेक रिकाम्या वस्तीत तीन आठवडे कान लावला. कुणी न मारलेल्या हाकांची उत्तरं तिथे ऐकू येत होती. त्यावरून त्यांनी मोजले १२ हजारांहून अधिक हल्ले आणि ५ हजारांहून अधिक बळी. त्यांत मोठमोठ्या कंपन्या होत्या, तसे घरगुती जोडणीवरचे साधे लोकही होते. प्रतिध्वनी ऐकून घाव मोजण्याची ही रीत मला फार भावली.

पण ज्याच्यावर हल्ला होतोय, त्याला तो ओळखायचा कसा? भाचा म्हणतो, ‘‘आधी आपल्या सर्व्हरची रोजची नाडी ठाऊक पाहिजे.’’ सोमवारी सकाळी किती लोक येतात, मध्यरात्री किती, कुठून येतात, काय वाचतात, किती वेळ थांबतात. मग एके दिवशी मध्यरात्री सकाळच्या शंभरपट माणसं आली, सगळ्यांनी एकच पान मागितलं, पानातली चित्रं मात्र कुणीच उघडली नाहीत, की समजायचं, हे वाचक नव्हेत.

ही परीक्षा दर वेळी लागू पडतेच असं नाही. जून २००९ या एकाच महिन्यात तिच्या दोन्ही मर्यादा उघड्या पडल्या. महिन्याच्या मध्यावर ‘स्लोलोरिस’ नावाचं एक साधन जाहीर झालं. त्याला गर्दीची गरजच नव्हती. तिकिटाच्या खिडकीवर एखादा माणूस सुट्टे पैसे एक एक करून मोजत राहतो, ना तिकीट घेतो, ना बाजूला होतो. तसं हे साधन आपली मागणी तुकड्या-तुकड्यांनी, अतिशय सावकाश पाठवत राहायचं. अशी काही शे अर्धवट संभाषणं धरून ठेवली, की सर्व्हरच्या सगळ्या खिडक्या अडायच्या. नाडी मोजणाऱ्याला वाटायचं, आज तर गर्दी नाही.

आणि २५ जूनला मायकल जॅक्सन गेल्याची बातमी पसरली. जगभर लोक एकाच वेळी एकच नाव शोधू लागले. गूगलच्या बातम्यांच्या विभागाला वाटलं, हा हल्लाच आहे. काही वेळ त्या नावाचा शोध घेणाऱ्यांना, तुमची मागणी यंत्राने केल्यासारखी दिसते, अशा अर्थाची पाटी दिसत होती. शोक करायला आलेल्या माणसांना दारवानाने दंगेखोर समजून अडवलं. त्यात दारवानाची नियत वाईट नव्हती. त्याने फक्त गर्दी पाहिली, माणसं पाहिली नाहीत. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडत नाही, तेव्हा तिथेही कुणी हल्लेखोर नसतात. असतात ती धडधडत्या छातीने नंबर टाकणारी पोरं.

याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती, ती आता सांगतो. एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा, तेरा लाख वस्तीचा छोटा देश. मार्च २००७ मध्ये त्याने संसदेच्या निवडणुकीत इंटरनेटवरून मतदान करून दाखवलं होतं. बँका, वर्तमानपत्रं, सरकार, सगळं तिथे इंटरनेटवर. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी राजधानी टॅलिनमधला सोव्हिएत काळातला एका सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून रशियन भाषक आणि सरकार यांच्यात वाद पेटला. २७ एप्रिलपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत त्या देशाच्या वेबसाइटांवर लाटांमागून लाटा येत राहिल्या. योगायोग असा, की त्याच मे महिन्यात युरोपातल्या इंटरनेट अभियंत्यांचं संमेलन टॅलिनमध्ये भरलं होतं. एकमेकांना ओळखणारी ही माणसं देशोदेशींच्या सहकाऱ्यांना सांगत राहिली, तुमच्याकडून हे पाणी येतंय, तिथेच बांध घाला. त्याचा उपयोग झाला.

पण त्याआधी काहींना एक कठोर उपाय करावा लागला. देशाबाहेरून येणारी सगळी वाहतूक त्यांनी अडवली. आतल्या लोकांची सोय झाली. परदेशात राहणाऱ्या एस्टोनियन माणसाला मात्र आपलं वर्तमानपत्र वाचता येईना. आणि पुढे जानेवारी २००८ मध्ये या प्रकरणात ज्या तरुणाला दोषी ठरवून दंड झाला, तो होता टॅलिनमध्येच राहणारा, रशियन वंशाचा, २० वर्षांचा विद्यार्थी. म्हणजे बाहेरचे सगळे अडवले, त्यांत कितीतरी निरपराध होते. आणि शिक्षा झालेला आतलाच निघाला.

पत्त्यावरून माणूस ठरवणं हा काय प्रकार असतो, ते मला सर्व्हरमुळे कळलेलं नाही. भाड्याने घर बघताना माझं नाव ऐकेपर्यंत रिकामी असलेली जागा, नाव ऐकल्यावर ‘कालच गेली हो’ झाल्याचं मी एकापेक्षा अधिक वेळा अनुभवलं आहे. घरमालक दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी कुठेतरी भीती ऐकली होती आणि सोपा उपाय केला होता. आणीबाणीत असा उपाय एखाद्या रात्रीपुरता समजू शकतो. पुष्कळदा होतं असं, की रात्र संपते आणि पाटी तशीच राहते. म्हणून सर्व्हर राखणाऱ्यांतले जाणते लोक एक नियम पाळतात, असं भाचा सांगतो. अडवायचं तर वागणुकीवरून अडवायचं, थोड्या वेळासाठी अडवायचं, आणि चुकून अडवलेल्याला आत यायला एक वाट ठेवायची. हा नियम मला सर्व्हरांपुरता वाटत नाही.

या अडवणुकीत खरोखर काय पणाला लागतं, ते २०१६ साली स्पष्ट झालं. ब्रायन क्रेब्स हा अमेरिकन पत्रकार पैसे घेऊन असे हल्ले करून देणाऱ्या टोळ्यांवर लिहीत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याच्या वेबसाइटवर सेकंदाला ६२० गिगाबिटांचा लोंढा आला. याहू पाडणारा २००० सालचा लोंढा सुमारे एक गिगाबिटाचा होता, यावरून कल्पना करा. त्याला विनामूल्य संरक्षण देणाऱ्या अकामाई कंपनीने आता हे परवडत नाही म्हणून हात काढून घेतला. एका पत्रकाराचा आवाज काही दिवस बंद झाला. ना कोर्टाचा हुकूम, ना सरकारची बंदी. शेवटी गूगलने पत्रकार आणि छोट्या वृत्तसंस्थांसाठी २०१३ पासून चालवलेल्या ‘प्रोजेक्ट शील्ड’ने त्याला आसरा दिला.

आणि ही फौज कुणाची होती? घराघरांतल्या कॅमेऱ्यांची आणि इंटरनेटच्या डब्यांची. ‘मिराई’ नावाचा प्रोग्राम असे डबे शोधत फिरायचा आणि कारखान्यातून आलेले साठेक ठराविक पासवर्ड एकामागून एक लावून बघायचा. लोकांनी ते बदललेलेच नसायचे. २१ ऑक्टोबरला याच मिराईच्या फौजेने डिन या कंपनीचं दार अडवलं आणि तिच्यावर विसंबलेल्या तेव्हाच्या ट्विटरसह अनेक मोठ्या वेबसाइट अमेरिकेत तासन्‌तास दिसेनाशा झाल्या. मिराई लिहिणारे होते विशीतले तीन तरुण. सुरुवात झाली होती ती एका खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातल्या चढाओढीतून. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना समाजसेवेची आणि तपासयंत्रणेला मदत करण्याची शिक्षा दिली. त्याच २०१६ च्या जुलैत मुंबईतल्या काही इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांवरही मारा होऊन पोलिसांत गुन्हा दाखल झाला होता. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात, हक्काच्या माणसाला संगणकापर्यंत पोहोचू न देणं हे वेगळं नोंदवलेलं आहे, आणि ६६ व्या कलमाने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

त्यानंतर आकडे वाढतच गेले. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या वेबसाइटवर सेकंदाला १.३५ टेराबिटांचा लोंढा आला. त्यातली युक्ती अशी, की हल्लेखोराने गिटहबच्या नावाने इतर सर्व्हरांना इवल्याशा चिठ्ठ्या धाडल्या आणि त्यांची उत्तरं, मूळ चिठ्ठीच्या ५१ हजार पटींपर्यंत मोठी होऊन, गिटहबच्या दारात कोसळली. दहा मिनिटांच्या आत वेबसाइट पुन्हा उभी राहिली, कारण सगळी वाहतूक एका मोठ्या संरक्षक जाळ्याकडे वळवली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने सेकंदाला ३९ कोटी ८० लाख मागण्यांचा मारा परतवला. त्यात ऑर्डर द्यायची आणि लगेच रद्द करायची, पुन्हा द्यायची, पुन्हा रद्द करायची, असा खेळ होता.

आजचा बचाव असा आहे. पूर एका दारात न घेता जगभर पसरलेल्या शेकडो दारांत वाटून घ्यायचा, गाळायचा आणि खरे पाहुणे तेवढे मूळ घरापर्यंत पोहोचवायचे. हे गणित मोजक्या बड्या कंपन्यांनाच झेपतं. त्यांतल्या काही जणी छोट्यांना ते फुकट देतात, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. पण एक काळजी माझ्या मनात उरते. ज्या जाळ्यावर ‘कुणीही या’ म्हणत लाखो दारं उघडी होती, त्यांची राखण आता बोटांवर मोजण्याइतक्या दारवानांच्या हाती आहे. त्यांनी उद्या एखाद्याला, तू पाहुणा नव्हेस, असं ठरवलं, तर दाद मागायची कुणाकडे?

याचं उत्तर बड्यांवर सोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. तीस वर्षांत जे दोन उपाय मला सर्वांत शहाणे वाटले, ते दोन्ही साधे आहेत. एक, पाहुण्यावर आधीच संशय न घेता त्याला शिक्क्याची चिठ्ठी द्या आणि तो परत येतो का ते पाहा. दोन, दुसऱ्याच्या दाराशी जाणाऱ्या गर्दीत आपल्या घरचं कुणी नाही ना, ते तपासा. पहिला अभियंत्यांचा झाला. दुसरा तुमचा-माझाही आहे. घरात कॅमेरा असेल, इंटरनेटचा डबा असेल, तर त्याच्यासोबत आलेला पासवर्ड आज बदला. सांगायला ही फार छोटी गोष्ट आहे. पण तुमच्या भिंतीवरचा तो छोटा कॅमेरा कुठल्या तरी पत्रकाराचं, इस्पितळाचं, शाळेचं दार अडवायला तुमच्या नकळत जाऊ नये, एवढं त्याने नक्की होईल.